कॉलरखालची पट्टी

मालकांचा खून झाल्याचं कळलं त्या दिवशी दुकानात इस्त्रीचे सव्वीस शर्ट पडले होते आणि जावयाने ते सगळे संपवले.

त्यावरून लोकांनी त्याला पुढे बरीच वर्षं नावं ठेवली. सासरा मागच्या खोलीत बॉयलरपाशी मरून पडलाय आणि हा पुढे उभा राहून कफ दाबतोय! पण पोलिसांनी मागची खोली बंद केली होती, पुढची बंद करायला ते विसरले होते, आणि जावयाला दुसरं काही येत नव्हतं. बायको काउंटरमागच्या स्टुलावर बसली होती. रडत नव्हती. शर्ट तयार झाला की घडीला नंबराची चिठ्ठी टाचत होती. सव्विसावा झाल्यावर तिने विचारलं, "आता?" तो नुसता उभा राहिला, आणि हातातली इस्त्री टेबलावर उभी करायचं राहून गेलं. त्या दुकानात तोवर कधी काही जळलं नव्हतं. टेबलाच्या कापडावर त्या दिवशी उठलेला डाग अजून आहे.

या गोष्टीला आता बत्तीस वर्षं झाली होती.

मालकांच्या डोक्यात मागून काहीतरी जड मारलं होतं आणि मग कॉलरला धरून त्यांना काउंटरपासून बॉयलरपर्यंत ओढत नेलं होतं. अंगात त्यांचा राखी लोकरीचा कोट होता. तपास सहा महिने धावला, वर्षभर चालला, मग बसला. कामावरून काढलेल्या ड्रायव्हरला दोनदा बोलावलं, समोरच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्याला तीनदा. हाती काही लागलं नाही. घरातल्यांनी हळूहळू तो विषय सोडला, जसा एखादा न निघणारा डाग सोडतात, आतल्या बाजूला दुमडून.

जावयाच्या बायकोने तेवढा सोडला नाही. दर वर्षी त्या तारखेला ती पोलिसांना एक पत्र लिहायची. पत्रात दुसरं काहीही असो, एक ओळ नेमाने असायची: कोट कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको, कपडा घुसमटतो. "विज्ञान पुढे जाईल," ती नवऱ्याला म्हणायची, "तेव्हा कोट मागे राहायला नको." उत्तर एकदाही आलं नाही. जावयाला वाटायचं, या सगळ्याचा उपयोग एवढाच की बाईचं अक्षर सुंदर राहिलं.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. आजारपणात शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं, पण कोटाचं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. "पत्र तू लिही." तो म्हणाला, "लिहीन." त्याला चार ओळी धड लिहिता येत नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

लिहावं लागलंच नाही. ती गेल्यावर पाच महिन्यांनी पोलिसांचाच फोन आला. जुनी प्रकरणं पुन्हा उघडताहेत, नवी प्रयोगशाळा झालीय, कोट व्यवस्थित आहे, इतका व्यवस्थित की प्रयोगशाळेतल्या बाईंना आश्चर्य वाटलं. घरातल्या पुरुषांचे नमुने हवेत, म्हणजे घरचे कोण आणि बाहेरचा कोण हे वेगळं काढता येईल. जावई दुसऱ्याच दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली आणि दुकानात येऊन रिकाम्या स्टुलाला म्हणाला, "तुझं काम झालं."

थोरल्याला, म्हणजे बायकोच्या मोठ्या भावाला, जायला जमलं नाही. त्याचं तोंड आलं होतं.

आणि आज रविवारी सकाळी सगळे दुकानात जमले होते. घरी पोलिस नकोत म्हणून थोरल्याने दुकान निवडलं होतं आणि दुकानात पोलिस दिसू नयेत म्हणून शटर अर्धं ओढलं होतं. त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण वाकून, चोरासारखा आत आला. सत्तरी ओलांडलेला थोरला काउंटरमागे मालकांच्या जागी बसला. धाकटी, ही बायकोची लहान बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, जावयाच्या शेजारच्या खुर्चीवर. जावयाची लेक इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी. ती कामाच्या दिवशी लोकांचे डोळे तपासून चष्मे देते, आणि सुट्टीच्या दिवशीही समोरच्याकडे नंबर काढल्यासारखी बघते. बायकोचं स्टूल रिकामं होतं. त्यावर कुणी बसलं नाही, पण थोरल्याने आपला मोबाइल ठेवला होता.

तपास अधिकारी तरुण होता. बरोबर प्रयोगशाळेच्या बाई होत्या, पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. अधिकाऱ्याने फाइल उघडली. ती उशीएवढी जाड होती.

"कोटावर लाळ मिळालीय," तो म्हणाला. "छाती, पाठ, दोन्ही बाह्या. सगळीकडे. मुख्यतः एकाच पुरुषाची. तिच्याखाली आणखी कुणाचं काही असेल, पण ते इतकं झाकलं गेलंय की वेगळं काढता येत नाही."

"कुणाची?" थोरल्याने विचारलं.

अधिकाऱ्याने जावयाकडे बघितलं. "तुमची."

धाकटीने आपली खुर्ची सरकवली. फार नाही, वीतभर.

आणि जावई हसला. हे फार वाईट झालं.

"हसताय काय भावोजी?" धाकटी म्हणाली. "हे हसण्यासारखं आहे?"

"नाही गं. तसं नाही." त्याने तोंडावर हात ठेवला, तरी खांदे हलत राहिले. "असणारच ना माझी. दुसऱ्या कुणाची असणार?"

"बाबा," लेक म्हणाली, "नीट बोला. हे लिहून घेताहेत."

"लिहू दे की. अहो साहेब, मी इस्त्रीवाला माणूस. कोटाला इस्त्री मीच केली होती, दर शनिवारी करायचो. आणि पाणी तोंडाने मारायचो."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. "तोंडाने म्हणजे?"

"तोंडात पाणी घ्यायचं आणि फुर्रर करून कपड्यावर फवारायचं. बाटलीचे थेंब पडतात हो, कपड्यावर ठिपके उठतात. तोंडातून कसं धुकं निघतं. सगळे जुने इस्त्रीवाले असंच करायचे. त्यात मालकांचा कोट." तो जरा थांबला. "त्याला मी दोन फवारे जास्तच मारायचो."

"का?"

"लग्नाला आठ वर्षं झाली तरी ते मला 'ए इस्त्रीवाल्या' म्हणायचे."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. अधिकाऱ्याने मात्र थोरल्याकडे बघितलं. "तुमच्या दुकानात अशी पद्धत होती?"

आता थोरल्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं. पुढच्या महिन्यात एका मोठ्या इस्पितळाच्या चादरी त्याच्याकडे धुवायला यायच्या होत्या. दुकानाच्या पाटीवर लाल अक्षरात 'शंभर टक्के निर्जंतुक' लिहून फार दिवस झाले नव्हते. बत्तीस वर्षांपूर्वी आपल्या दुकानात खून झाला, हे लोक कधीच विसरले होते. पण आपल्या दुकानात गावभरच्या कपड्यांवर थुंकत होते, हे लोक कधी विसरले नसते.

"छे," थोरला म्हणाला. "आमच्या वडिलांची, अप्पांची, सक्त मनाई होती. पितळी पिचकारी आणून दिली होती सगळ्यांना. भिंतीवर सूचना होती."

"सूचना होती," जावई म्हणाला. "म्हणजे पद्धत होती. उगाच कोण सूचना लावतं?"

"जावईबापू, उगाच दुकानाला मध्ये आणू नका."

"दुकानाला? दादा, मला खुनी म्हणताहेत इथे!"

"अजून कुणी म्हणालेलं नाही," अधिकारी म्हणाला.

"बघा, साहेब म्हणताहेत ना, अजून नाही," थोरला म्हणाला. "कायदा त्याचं काम करेल. आपण खरं असू तर भ्यायचं कारण नाही. पण या दुकानात कपड्यावर कधी तोंडाचं पाणी पडलं नाही. मी शपथेवर सांगीन."

जावयाने धाकटीकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. तिचा मुलगा थोरल्याच्या दुसऱ्या दुकानात बसतो, आणि गणिताच्या बाईला बेरीज लवकर जमते.

"मी तेव्हा शाळेत शिकवायचे," ती हळू आवाजात म्हणाली. "दुकानात फारसं येणं नव्हतं माझं."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," जावई म्हणाला. "कुणाला बोलायचं!"

"वा रे वा!" लेक म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि दोरी धरायला मामा."

"तू मध्ये बोलू नकोस," थोरला म्हणाला. "तू चार वर्षांची होतीस."

"चार वर्षांची होते, आंधळी नव्हते."

प्रयोगशाळेच्या बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. "करून दाखवता येईल?" त्यांनी जावयाला विचारलं. "लाळ ओघळल्याचे डाग वेगळे असतात. मला नुसतं पाणी कसं पडतं ते बघायचंय."

"त्यात काय," जावई म्हणाला आणि उठला. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

लेकीने कपाटातून एक जुनी निळी चादर काढून टेबलावर पसरली. तो डाग झाकला गेला. जावयाने बाही वर केली, टेबलासमोर पाय फाकवून उभा राहिला. जुनी सवय होती, अंगाला आपोआप सगळं आठवलं. त्याने घोट घेतला, गाल फुगवले, ओठ आवळले. आणि पाणी हनुवटीवरून शर्टात गेलं.

वरची कवळीही निघाली असती, ती त्याने जिभेने धरली.

"थांबा हं," तो म्हणाला. "दात बदललेत." त्याने पुन्हा घोट घेतला. या वेळी पाणी चादरीवर पडलं, पण बादलीतून सांडावं तसं. तिसऱ्या वेळी कवळी काढून खिशात ठेवली. मग तर ओठांना टेकायलाच काही उरलं नाही. पाणी नाकातून आलं, ठसका लागला. धाकटी उठून त्याची पाठ चोळायला लागली, मग आपण कुठल्या बाजूला आहोत ते आठवून पुन्हा बसली.

थोरल्याने नुसते हात पसरले.

जावई ओल्या शर्टाने उभा राहिला. या बाबतीत विनोद असा होता की ज्या विज्ञानाची बायकोने इतकी वाट बघितली, जपून ठेवायला लावलेला कोट ज्याच्या हाती दिला, त्याने पहिला माणूस पकडला तो तिचाच नवरा. पण त्याला हसू येईना. त्याला दिसलं की लेक आपल्याकडे बघत नाहीये, बाटलीकडे बघतेय. त्याला वाटलं, झालं. पोरीनेही खुर्ची सरकवली.

लेकीने बाटली उचलली. चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मोठा घोट घेतला, चादरीच्या वर हातभर अंतरावर तोंड आणलं, आणि फवारा सोडला.

अर्ध्या शटरखालून ऊन येत होतं. त्यात ते धुकं क्षणभर तसंच उभं राहिलं आणि मग चादरीवर बसलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, सारखं, एकही ठिपका न उठवता. खाली एक थेंब पडला नाही.

"हे मी कुणाकडून शिकले, मामा?" तिने ओठ पुसत विचारलं. "शाळेतून आल्यावर टेबलावर बसून मी रुमाल भिजवायचे. वाफेची यंत्रं आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तोवर रोज."

"पोरखेळ होता तो," थोरला म्हणाला.

"आणि आईची घंटा? तोही पोरखेळ?"

जावई दचकला. घंटेचं लेकीला ठाऊक असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मालक दुकानाकडे येताना दिसले की बायको काउंटरवरची घंटा दोनदा वाजवायची, आणि तो तोंडातलं पाणी गिळून पितळी पिचकारी हातात घ्यायचा. मालक असेतोवरच्या आठ वर्षांतलं त्यांचं तेवढंच एक कारस्थान.

"दोनदा," धाकटी अचानक म्हणाली. "हो. ताई दोनदा वाजवायची." ती जावयाकडे न बघता भावाकडे बघत होती. "दादा, पुरे आता. अप्पांकडे चुगली तूच केली होतीस. भिजलेला रुमाल घेऊन घरी आला होतास पुरावा म्हणून. मी ताटं मांडत होते. त्यानंतरच ती सूचना लागली."

"माझ्या काही लक्षात नाही."

"माझ्या आहे. मी गणिताची आहे, मला तारखासुद्धा सांगता येतील." तिने खुर्ची पुन्हा सरकवली, होती तिथे. "माझ्या मुलाला दुकानातून काढायचं असेल तर काढ."

प्रयोगशाळेच्या बाई चादरीवर वाकल्या होत्या. भिंगातून त्यांनी बराच वेळ बघितलं. "असंच आहे कोटावर," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "मला तेव्हाच कळेना, एवढी एकसारखी लाळ कशी. भांडणात माणूस एवढ्या टापटिपीने थुंकत नाही." मग त्या जावयाकडे वळल्या. "पण त्याने आमचं काम सोपं झालं नाही. तुमच्या पाण्याने दुसऱ्याचं सगळं झाकलंय. मला एक सांगा. तुम्ही पाणी कुठे मारत नव्हता?"

हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याने कवळी तोंडात घातली, टेबलाच्या खणातला खडू काढला आणि चादरीवरच कोट काढायला लागला. कोट बरोबर आला.

"अस्तराला नाही. खिशाच्या आत नाही. आणि हे, कॉलर उचलली की खाली जाड, दाबलेल्या लोकरीची पट्टी असते. हिला पाणी लागलं की ही आकसते, कॉलर वर उठते, गिऱ्हाईक परत येतं. हिच्यावरून कोरडाच हात फिरवायचा. इथे मी कधी पाणी मारलेलं नाही. मालकांच्या कोटालासुद्धा नाही. राग वेगळा, काम वेगळं."

"त्यांना कॉलर धरून ओढलं होतं," बाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे बोटं खालून गेली असणार."

अधिकारी कोटाचे फोटो शोधायला फाइल उलटायला लागला. पानं निसटली. जावयाला ओळखीचं अक्षर दिसलं आणि तो पुढे झाला. "ही तिची पत्रं?"

"एकतीस आहेत," अधिकारी म्हणाला. प्रत्येक पत्रावर 'मिळाले' असा जांभळा शिक्का होता. एकाही पत्राच्या समासात कुणी पेन टेकवलेलं नव्हतं. ज्यांनी शिक्के मारले त्यांनी ते फार काळजीने, सरळ मारले होते.

लेकीने चष्मा घातला आणि पत्रं चाळायला लागली. अकराव्यापाशी थांबली. तिने ते एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने:

"'एक गोष्ट आजवर लिहिली नाही, कारण ती माझ्या वडिलांना आवडली नसती. हा कोट शनिवारी माझ्या नवऱ्याने केला होता. तो तेव्हा तोंडाने पाणी मारायचा. उद्या तुमचं यंत्र आलं तर ते आधी त्याचंच नाव सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नये. कॉलरच्या खाली तो पाणी मारत नसे. तिथे बघावे. कोट कागदी पिशवीत ठेवावा.'"

अधिकारी शिक्क्यावरची तारीख बघत होता. तेव्हा तो शाळेत असेल.

म्हणजे एकवीस वर्षं. जावयाने मनात मोजलं. एकवीस वर्षं तिला हे दिसत होतं, आणि तरी दर वर्षी ती त्यांना कोट जपायला सांगत होती. रात्री दिवा मालवताना, डबा भरताना, इस्पितळात, कधी शब्दाने बोलली नाही. सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं? म्हणालो असतो, जाऊ दे तो कोट, कुजू दे. तिला ते ठाऊक होतं.

"सांगायचं तरी मला," तो स्टुलाकडे बघून म्हणाला. मग त्याने स्टुलावरचा मोबाइल उचलून काउंटरवर ठेवला.

"पट्टी कापून काढावी लागेल," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे लागतील. तिथे दोघांचं मिळालं तरी वेगळं काढता येईल असं आता तंत्र आहे. मिळेलच असं मी सांगत नाही."

"आणि मी?" जावयाने विचारलं.

"तुम्ही गाव सोडून जाऊ नका," अधिकारी म्हणाला. मग जरा वरमून, "म्हणजे पद्धत असते तशी."

"मी तर हे टेबल सोडून कुठे गेलो नाही चाळीस वर्षं."

बाईंनी पिशवीतून एक लांबट पाकीट काढलं, कापसाच्या काडीचं, आणि ते काउंटरवर थोरल्यासमोर ठेवलं. "घरच्या पुरुषांपैकी तुमचाच राहिलाय. आत्ताच देऊन टाका. दोन मिनिटांचं काम."

"माझं तोंड आलंय," थोरला म्हणाला.

"तीन महिने?" धाकटी म्हणाली.

"तिखट सोसत नाही मला. अंगचं आहे ते."

"काडी तिखट नसते, मामा," लेक म्हणाली.

तेवढ्यात थोरल्याचा मोबाइल वाजला, किंवा त्याला तसं वाटलं. फोन कानाला लावून तो उठला, "हो हो, चादरींचं ना, बोला," म्हणत अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर गेला. तो भीत होता की नुसता हट्टाला पेटला होता, ते त्याच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं. माणूस वाकला की सगळ्यांची पाठ सारखीच दिसते. अधिकारी दाराशी जाऊन उभा राहिला आणि घड्याळ बघायला लागला.

जावयाने ओल्या चादरीवरून हात फिरवला. सवयीने इस्त्रीचं बटण लावलं, मग बंद केलं. ही चादर बाई बरोबर नेणार होत्या, खडूच्या कोटासकट.

कॉलरखालची पट्टी अजून कापायची होती. पाकीट काउंटरवर तसंच, न फोडलेलं होतं. मालकांना कुणी मारलं ते अजून कळायचं होतं, आणि या वर्षीचं पत्र अजून कुणी लिहिलेलं नव्हतं.